घोड्याच्या नसेची सोनोग्राफी: कधी, कशी आणि कशासाठी

वैशाखाच्या ऐन लग्नसराईत घोडीचा पुढचा पाय सुजतो. दोन दिवस ती लंगडते. मालक पाण्याची धार धरतो, कुणीतरी दुखणे थांबवणारे इंजेक्शन टोचते, आठवड्याभरात घोडी सरळ चालू लागते आणि पुढच्या सुपारीला पुन्हा डांबरी रस्त्यावर वाजंत्र्यांपुढे नाचायला उभी राहते. महिना-दीड महिन्यात तोच पाय पुन्हा जातो, आणि या वेळी सूज ओसरली तरी नळीच्या मागे जाड गाठ कायमची राहते. नाशिक, सिन्नर, येवला, मालेगाव या पट्ट्यात घोडा पाळणाऱ्यांना हा क्रम नवा नाही.

या भागात घोड्याला आजही बरीच कामे आहेत. पंचवटीतले तांगे कमी झाले असले तरी वरातीच्या घोड्या गावोगाव आहेत. भोसला मिलिटरी स्कूल आणि महाराष्ट्र पोलीस अकादमीत घोडेस्वारी शिकवली जाते. शेजारच्या जुन्नर-खेडच्या घाटांत बैलगाड्यांपुढे धावणाऱ्या घोड्या आहेत, आणि येवल्याचा मंगळवारचा घोडेबाजार तर जुना आणि नावाजलेला. या सगळ्या घोड्यांच्या मालकांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. घोडा लंगडायचा थांबतो तेव्हा फक्त त्याची वेदना कमी झालेली असते. आतली नस जुळायला त्यानंतरही अनेक महिने लागतात. ती किती जुळली हे चालीवरून ओळखता येत नाही. ते सोनोग्राफीच्या चित्रात दिसते, आणि घोडा कामावर कधी परतणार हे त्या चित्रावरूनच ठरले पाहिजे.

आपण जिला नस म्हणतो ती इथे रक्ताची नव्हे. स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारी ती कंडरा. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. नळीच्या हाडामागे सगळा भार या कंडरांवर आणि अस्थिबंधांवर, म्हणजे लिगामेंटवर, असतो. त्यात उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के वाटा पुढच्या दोन पायांवर पडतो. कातडीकडून आत गेलात तर आधी वरची कंडरा, मग खोल कंडरा, तिला वरून येऊन मिळणारे चेक लिगामेंट, मग सस्पेन्सरी लिगामेंट आणि शेवटी हाड. चौखूर धावताना वरची कंडरा स्वतःच्या लांबीच्या दहा टक्क्यांहून जास्त ताणली जाते आणि तिच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढल्याचे मोजले गेले आहे. म्हणून नळीच्या मधल्या भागात, कंडरेच्या ऐन गाभ्यात, बाहेरून काहीच न दिसता तंतू तुटायला लागतात. ज्या दिवशी सूज दिसते त्या दिवशी आजार सुरू झालेला असतोच असे नाही. पुष्कळदा तो आधीपासून साठत आलेला असतो.

यंत्राच्या आधी तुमचा हात. रोज सकाळी खरारा करताना, घोडा फिरवण्यापूर्वी, दोन्ही पुढच्या नळ्यांवरून तळहाताची मागची बाजू फिरवा. डावा आणि उजवा यांच्या उष्णतेत फरक लागला तर तिथेच थांबा. मग बाजूला उभे राहून नळीची मागची रेषा पाहा. ती गुडघ्यापासून खालच्या सांध्यापर्यंत सरळ दिसली पाहिजे, कुठेही बाहेर फुगलेली नको. त्यानंतर पाय उचलून गुडघ्यात दुमडा. आता कंडरा सैल पडतात. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत वरची कंडरा खोल कंडरेपासून वेगळी धरा आणि गुडघ्याखालून खालच्या सांध्यापर्यंत बोटे हळूहळू सरकवत या. निरोगी कंडरा टणक लागते, तिच्या कडा बोटाला स्पष्ट कळतात. जखमी जागी ती जाड, लिबलिबीत लागते आणि दाबताच घोडा पाय ओढून घेतो. मग दुसरा पाय तसाच तपासा. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते रोज करणाऱ्याला पहिला इशारा लंगडण्याच्या आधी मिळतो.

उष्णता, सूज किंवा दुखरी जागा सापडली की काम त्याच क्षणी बंद. घोडा बांधून ठेवा, पशुवैद्यकाला बोलवा, आणि पहिले दोन-तीन दिवस दिवसातून तीन-चार वेळा वीसेक मिनिटे थंडावा द्या. एप्रिल-मेमध्ये आपल्या टाकीतले पाणी दुपारी कोमटच असते, त्याचा उपयोग नाही. बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून लावा, कातडीवर नुसता ठेवू नका. मधल्या वेळेत कापसाचा जाड थर आणि त्यावर सर्वत्र सारख्या दाबाची पट्टी बांधा. एकाच जागी आवळलेली पट्टी नवे दुखणे निर्माण करते. दुसऱ्या पायालाही पट्टी हवी, कारण आता जास्त भार त्याच्यावर आहे. दाणा कमी करा, चारा ठेवा. गरम तेलाने चोळू नका, जहाल लेप लावू नका. लेपाने कातडी सुजते, फुटते, आणि मग सोनोग्राफीचे चित्रही धूसर येते.

वेदनाशामक औषध पशुवैद्यकाने ठरवलेलेच द्या. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आणून टोचण्याची सवय अजून गेलेली नाही. जनावरांसाठी या औषधावर भारतात २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मरतात. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडांची घरटी आहेत, त्यामुळे नाशिककरांसाठी तरी हा विषय दूरचा नाही. शिवाय कोणतेही वेदनाशामक देऊन घोडा कामाला लावला, तर तो दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकतो आणि अर्धी तुटलेली कंडरा पूर्ण तुटू शकते.

आता सोनोग्राफी कधी करायची? पहिल्याच दिवशी केली तर इजा लहान दिसू शकते. रक्त आणि द्रव साठून, खराब झालेले तंतू विरघळून चित्रात काळा दिसणारा इजेचा भाग पुढचे काही दिवस वाढत जातो. म्हणून सर्वसाधारणपणे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान घेतलेले चित्र खरी व्याप्ती दाखवते. पहिल्या दिवशी केली असेल तर आठवड्याने पुन्हा करा. पहिल्या चित्रात विशेष काही नाही म्हणून घोडा सोडू नका.

कुठे करायची, हा नाशिकमधल्या मालकाचा नेहमीचा प्रश्न. मुंबईत परळला १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्याकडे शिरवळला दुसरे आहे, शर्यतीच्या घोड्यांच्या उपचारांचा अनुभव मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सभोवती आहे. पण ताज्या इजेचा घोडा टेंपोत चढवून कसारा घाट उतरवणे म्हणजे प्रत्येक ब्रेकला त्याच पायावर भार टाकणे. माझा आग्रह असा की आधी यंत्र घोड्याकडे आणण्याची सोय पाहा. नाशिक जिल्ह्यात दुधाचा धंदा मोठा आहे, आणि गायी-म्हशींची गर्भतपासणी करणाऱ्या पशुवैद्यकांकडे हातात धरून नेता येणारी सोनोग्राफी यंत्रे असतात. त्यांचा सरळ, पट्टीसारखा लिनिअर प्रोब साधारण ५ ते १० मेगाहर्ट्‌झचा असतो. घोड्याच्या कंडरेसाठी ७.५ मेगाहर्ट्‌झ किंवा त्याहून वरचा लिनिअर प्रोब लागतो, त्यामुळे यातली बरीच यंत्रे चालतात. चित्र सर्वोत्तम नसेल, पण इजा आहे की नाही आणि साधारण किती, हे सांगण्याइतके येते. फोन करताना सरळ विचारा: प्रोब लिनिअर आहे का, फ्रिक्वेन्सी किती, आणि घोड्याच्या पायाचा सराव आहे का. पोटासाठीचा गोल तोंडाचा प्रोब या कामाचा नाही. सराव नसलेल्या डॉक्टरांनी चित्रे साठवून घोड्यांच्या जाणकाराकडे पाठवली तरी निम्मे काम होते.

घोडा न्यावाच लागला, तर पुढच्या पायाची इजा असताना त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करा, म्हणजे ब्रेक लागताना भार मागच्या पायांवर जातो. पायाला पट्टी, खाली मॅट, आणि तोल सावरता येईल इतकी मान मोकळी.

तपासणीच्या दिवशी तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: सपाट जमीन, गडद सावली आणि धीर. उन्हात पडदा दिसत नाही. घोडा चारही पायांवर सारखा उभा हवा, कारण भार नसलेल्या पायातली कंडरा सैल पडते आणि निरोगी असूनही तिचे तंतू वाकडे दिसतात. अस्वस्थ घोड्याला डॉक्टर हलके गुंगीचे इंजेक्शन देतील. नळीच्या मागचे केस मशीनने काढू द्या. वरातीच्या नुकऱ्या घोड्याचा पाय विद्रूप होईल म्हणून पुष्कळ मालक नको म्हणतात, पण केसांत अडकलेली हवा ध्वनिलहरी परतवते आणि चित्रात नुसता धूर दिसतो. केस पुन्हा येतात. मग कातडी साबणाने धुऊन भरपूर जेल लावायचे आणि ते थोडा वेळ मुरू द्यायचे. वरची कंडरा कातडीला इतकी लागून असते की प्रोब थेट टेकवला तर ती नीट उमटत नाही. त्यासाठी मध्ये जेलची मऊ गादी ठेवतात. गादी नसेल तर पाण्याने भरलेला रबरी हातमोजाही चालतो.

पडद्यावर आडव्या छेदात वरची कंडरा चंद्रकोरीच्या आकाराची, करड्या-पांढऱ्या दाट ठिपक्यांनी सारखी भरलेली दिसते. तिच्या खाली गोलसर खोल कंडरा. इजा असेल तिथे त्या करड्या रंगात काळे भोक पडलेले असते, बहुधा मधोमध. प्रोब उभा फिरवला की निरोगी कंडरेत एकमेकींना समांतर बारीक पांढऱ्या रेषा दिसतात. जखमी जागी त्या तुटतात, विस्कटतात, नाहीशा होतात. प्रोब थोडा जरी तिरका झाला तरी निरोगी कंडरा काळी दिसते. म्हणूनच एकाच चित्रावर निदान होत नाही. तो काळा भाग आडव्या आणि उभ्या दोन्ही छेदांत, त्याच जागी, प्रोब काटकोनात असताना दिसला पाहिजे. डॉक्टर हात पुन्हा पुन्हा हलवून तीच जागा पाहत असतील तर ते काम नीट करत आहेत.

अहवालात ‘टेंडन इंज्युरी’ एवढेच लिहून मिळाले तर ते स्वीकारू नका. कोणती कंडरा किंवा लिगामेंट, गुडघ्यामागच्या उंचवट्याच्या हाडापासून किती सेंटिमीटर खाली सुरुवात आणि किती खाली शेवट, सर्वांत वाईट जागी छेदाच्या क्षेत्रफळाचा किती टक्के भाग काळा, हे लिहून घ्या. काळेपणाला सहसा ० ते ४ आणि तंतूंच्या रांगेला ० ते ३ असे गुण देतात. शून्य म्हणजे निरोगी. कंडरेच्या छेदाचे क्षेत्रफळही मोजतात. थरोब्रेड जातीच्या घोड्यात नळीच्या मध्यावर वरच्या कंडरेचे क्षेत्रफळ साधारण १ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते, पण आपल्याकडच्या लहान चणीच्या घोड्यांना तो आकडा लावणे बरोबर नाही. इथे घोड्याचा दुसरा पाय हेच माप. दोन पायांतल्या त्याच जागेच्या क्षेत्रफळात २० टक्क्यांहून अधिक फरक असेल तर तो गंभीरपणे घ्यावा. म्हणून दोन्ही पायांची तपासणी करा, एकाच पायाचे पैसे वाचवू नका. वरच्या कंडरेचा आजार पुष्कळदा दोन्ही पायांत असतो. एक पाय बोलतो, दुसरा गप्प असतो. नाचणाऱ्या घोड्याचे मागचे पायही पाहून घ्या. दोन पायांवर उभे राहताना सगळे ओझे तिकडे जाते, आणि मागच्या पायातले सस्पेन्सरीचे दुखणे सुजेशिवायही असू शकते.

एक्स-रेने हे काम होत नाही, कारण त्यात कंडरा दिसत नाही. तो हवा हाडासाठी: लिगामेंटने हाडाचा तुकडा ओढून काढला आहे का, नळीच्या बाजूचे बारीक हाड मोडले आहे का, हे पाहायला. खुराच्या आतले दुखणे मात्र सोनोग्राफीच्या टप्प्यात फारसे येत नाही, कारण खुराचे कवच लहरी आत जाऊ देत नाही. तिथे जगभर एमआरआय वापरतात, त्यासाठी घोडा उभाच ठेवून चित्र घेणारी यंत्रेही आहेत, पण नाशिकच्या मालकाने त्यावर विसंबून बसू नये. पायाच्या एकेका भागाची संवेदना इंजेक्शनने तात्पुरती घालवून दुखणे नेमके कुठे आहे हे शोधण्याची जुनी पद्धत आपल्याकडच्या जाणत्या पशुवैद्यकाला येते, आणि ती फार उपयोगी आहे.

काही प्रसंगी सोनोग्राफीची वाट पाहायची नसते. तारेच्या कुंपणाने किंवा पत्र्याने नळीच्या मागे कापले असेल आणि उभ्या घोड्याच्या खुराचे पुढचे टोक जमिनीवरून उचललेले दिसत असेल, तर खोल कंडरा तुटल्याची शंका घ्या. खालचा सांधा जमिनीकडे खचला असेल तर आणखी बरेच काही तुटले आहे. जखम लहान आहे, काट्याएवढी आहे, पण घोडा पाय टेकतच नाही, तर कंडरेच्या आवरणात जंतू गेलेले असू शकतात. त्यात तासांचा हिशेब असतो. घोड्याला एक पाऊलही चालवू नका, स्वच्छ कापडाने जखम झाका, पाय फळीच्या आधाराने बांधा आणि लगेच पशुवैद्यक गाठा. कुणीच मिळत नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा सरकारी क्रमांक आहे.

पहिले चित्र हाती आल्यावर खरी परीक्षा मालकाची. कंडरा सावकाश जुळते. आधी तिथे घाईघाईत कच्चे, अस्ताव्यस्त तंतू भरले जातात आणि मोजून दिलेल्या व्यायामाच्या ओढीने ते महिनोन्‌महिने रांगेत येतात. नुसते बांधून ठेवूनही ते जुळत नाहीत आणि लवकर धावडवूनही नाहीत. सुरुवातीची सूज उतरली की डॉक्टरांच्या सल्ल्याने हातात धरून पाच-दहा मिनिटे चालवणे, दर आठवड्याला त्यात थोडी भर, तीन महिन्यांनी सोनोग्राफी, चित्र चांगले असेल तरच थोडी दुडकी, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी आणि मगच वेग. गाभ्यातली मोठी इजा असेल तर पूर्ण कामाला ९ ते १२ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. व्यायाम वाढवल्यानंतरच्या चित्रात क्षेत्रफळ आधीपेक्षा १० टक्क्यांहून वाढलेले दिसले, तर आधीच्या पायरीवर परत यायचे. कंडरेत रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलरची सोय यंत्रात असेल तर तीही वापरून घ्या. निरोगी कंडरेत रक्ताच्या खुणा जवळपास दिसत नाहीत, जुळत असलेल्या किंवा पुन्हा दुखावलेल्या कंडरेत दिसतात.

वरातीच्या घोड्यांना आपल्या पंचांगाने एक सवलत दिली आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नाहीत, म्हणजे सुपाऱ्याही नाहीत. मेच्या मध्यात पाय गेला तर पहिली सोनोग्राफी मेअखेर, दुसरी श्रावणात, तिसरी तुळशीच्या लग्नांच्या सुमारास. आणि नेमका तिथेच घात होतो. चार महिने बसून खाल्लेली घोडी तेव्हा चमकत असते, उड्या मारत असते, पाय जमिनीवर टेकत नसतो. त्याच दिवशी चित्र काढले तर काळे भोक भरून करडे झालेले दिसेल, पण उभ्या छेदात रेषा अजून वाकड्यातिकड्या असतील. सहा महिने हा अर्धा रस्ता आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर त्या हंगामात घोडी वरातीत सावकाश चालू शकेल. नाच पुढच्या वैशाखापर्यंत बंद ठेवावा. एका हंगामाचे उत्पन्न बुडते, हे खरे आहे आणि ते सोसणे सोपे नाही. पण तोच पाय दुसऱ्यांदा गेला तर घोडीच कामातून जाते.

डाग देण्याबद्दलही स्पष्ट बोलतो. तापल्या लोखंडाने नळी डागली की नस बांधली जाते, हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी याचा सविस्तर अभ्यास करून १९८३ मध्ये निष्कर्ष मांडले. डागण्याने कंडरा अधिक चांगली जुळत नाही असेच दिसले. डागलेला घोडा बरा वाटतो तो त्यानंतर मिळालेल्या सक्तीच्या विश्रांतीमुळे. विश्रांती डागाशिवायही देता येते. मुक्या जिवाला ते चटके देऊ नका. तसेच कंडरेतच स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका. तिथे पुढे चुन्यासारखे कठीण खडे साचू शकतात आणि कंडरा कमजोर होते. घोड्याच्याच रक्तातून वेगळा काढलेला पीआरपी टोचायचा असेल, तर तो सोनोग्राफीत पाहत, सुई नेमकी काळ्या भागात नेऊनच टोचायला हवा.

आणि हे सगळे खरेदीच्या वेळीही उपयोगी पडते. येवल्याचा मंगळवार असो की दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा सारंगखेड्याचा बाजार, घोड्याची चाल आणि नाच पाहण्याआधी त्याच्या नळ्या हाताने तपासा. डागाचे व्रण, दोन पायांच्या जाडीतला फरक, मागच्या रेषेतला फुगवटा दिसला तर कारण विचारा. किंमत मोठी असेल तर बयाणा देताना सोनोग्राफीची अट घाला आणि वेदनाशामकाची शंका असेल तर रक्ताचा नमुना घेऊन ठेवा. घोडा घेतल्यावर तो अगदी ठणठणीत असताना चारही पायांची एकदा सोनोग्राफी करून घ्या. प्रत्येक चित्रावर तारीख, घोड्याचे नाव, डावा की उजवा आणि गुडघ्यापासूनचे सेंटिमीटर लिहिलेले असू द्या, आणि ती चित्रे फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पुढे कधी पाय सुजला तर डॉक्टरांना तुलनेसाठी त्याच घोड्याचा निरोगी पाय हाताशी मिळेल.